भट्टीत गेलेलं आल्याचं घर

गल्लीत कुणालाही विचारा, सगळे एकच गोष्ट सांगतील: बेकरीवाल्यांच्या धाकट्या सुनेने थोरल्या जावेला मातीचं घर खायला घातलं आणि तिचे पुढचे दोन दात पाडले. इस्त्रीवाला सांगायला लागला की दोनाचे चार होतात. गोष्ट बसथांब्यापर्यंत पोचते तेव्हा अख्खी बत्तीशी घशात गेलेली असते. "मुद्दाम हो, मुद्दाम! पण जावाजावांच्या भानगडीत आपण कशाला पडा?" असं म्हणून इस्त्रीवाला पुढच्या दोन-तीन विजारी होईपर्यंत त्याच भानगडीत पडलेला असतो.

खरं म्हणजे दात एकच होता, तोही अर्धा, आणि तो खुद्द इस्त्रीवाल्याचा होता. कपडे द्यायला आला असताना धाकटीच्या टेबलावर सुटं पडलेलं मातीच्या घराचं एक धुराडं त्याने, कुणी घे म्हटलेलं नसताना, उचलून तोंडात टाकलं. "मला वाटलं चव बघायला ठेवलंय," असं तो तेव्हा गाल धरून म्हणाला होता. थोरलीचे दात आजही शाबूत आहेत. त्यांनी ती अक्रोड फोडते.

धाकटीने जे केलं त्यात कुणाच्या दाताला धक्का लागला नाही. पण तिला विचाराल तर ती म्हणेल, दात पडले असते तर परवडलं असतं. चार लोकांना दिसले तरी असते.

पुढे बेकरी, मागे भट्टीची खोली, मध्ये एक भिंत, असा या घराचा कारभार. पुढे थोरली पाव, केक आणि बिस्किटं करते, मागे धाकटी मातीकाम करते. लग्न होऊन आली तेव्हा ती साधे मग आणि वाडगे करायची, आणि ते घरातल्याच माणसांना वाढदिवसाला मिळायचे. थोरलीच्या नवऱ्याकडे, म्हणजे भाऊजींकडे, इतके मग जमले होते की ते त्यात खिळे ठेवायचे.

दरवर्षी थंडी पडली की थोरली दुकानाच्या काचेत आल्याच्या बिस्किटाचं मोठं घर मांडते. तपकिरी भिंती, उतरतं छप्पर आणि वर पांढऱ्या आयसिंगची अशी नक्षी, की येणारीजाणारी माणसं काचेला नाक लावून उभी राहतात. थंडी सरली की ती स्वतः लाटण्याने ते घर फोडते आणि तुकडे गल्लीतल्या पोरांना वाटते. दुकानाची पद्धतच आहे ती. एका वर्षी ते फुटताना बघून धाकटीला राहवलं नाही.

"वहिनी, एवढं केलेलं फोडायचं? मी मातीचं करून देऊ का? राहील तरी."

"कर की," थोरली म्हणाली. "पण खाता येत नाही ते घर कसलं गं? ते तर नुसतं बांधकाम."

त्या दिवसापासून धाकटीला नाद लागला. ती थोरलीच्या शेजारी उभी राहून तिचा हात बघत बसायची. आयसिंगची पिशवी दाबण्याआधी थोरली श्वास रोखते. थेंब पडला की मनगटाला बारीकसा झटका देते, म्हणून तिच्या प्रत्येक थेंबाला डावीकडे वळलेलं शेपूट असतं. हे शेपूट धाकटीने मातीत आणलं. पांढरी माती घट्ट दह्यासारखी घोटायची, गाळायची, थोरलीच्याच जुन्या पिशवीत भरायची आणि भिंत चामड्यासारखी अर्धवट सुकली असताना वर चढवायची. घाई केली तर भिंत बसते, उशीर केला तर नक्षी भट्टीत टरकन सुटून येते. साखरेचा कण दिसावा म्हणून वरून चिमूटभर पांढरी वाळू. झिलई मात्र अजिबात नाही. "चमकलं की झाली बशी," असं ती म्हणते.

घरं हातोहात जाऊ लागली. गिऱ्हाइकं विचारायची, "बाई, याला मुंग्या लागतात का हो?" आणि धाकटी गंभीर चेहऱ्याने सांगायची, "लागतात, पण निराश होऊन जातात." थोरली येईल त्याला सांगायची, "माझा हात चोरलाय हिने. देणार आहे एक दिवस पोलिसांत." सांगताना तिची छाती मात्र फुगलेली असायची.

मग थोरलीचा तो हातच थरथरायला लागला.

आधी चहाच्या कपात, मग सहीत, मग आयसिंगमध्ये. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, थोडंफार राहणारच. थोरलीने केकवरची नावं घालायचं काम भाऊजींवर सोपवलं. भाऊजींचं अक्षर असं, की एका वाढदिवसाच्या केकवरचं नाव वाचून घरच्यांनी तो दुसऱ्याच मुलाचा समजून परत आणला होता. पण थंडी पडल्यावर थोरलीने जाहीर केलं, "काचेतलं घर मी करणार. एकटी. कुणी आत डोकावायचं नाही."

तिने दार लावून घेऊन ते घर केलं. दोन दिवसांचं काम आठवडाभर चाललं. बेकरीत वाफ असते आणि आल्याचं बिस्कीट वाफेने मऊ पडतं, म्हणून काचेत मांडायच्या दिवसापर्यंत ते कोरड्या जागी ठेवायला ती मागे भट्टीच्या खोलीत घेऊन आली. मोठा ट्रे सापडेना, तेव्हा तिने धाकटीच्या भट्टीतली जाड फरशी घेतली, घर तिच्यावर ठेवलं आणि फरशी फळीवर सरकवली. शेजारी तशाच दुसऱ्या फरशीवर धाकटीचं मातीचं घर सुकत होतं. तेही तपकिरी, तेही पांढऱ्या नक्षीचं.

"झालं गं," थोरली दारातून म्हणाली. "बघतेस का?"

धाकटी खाली मान घालून माती मळत होती. हात कोपरापर्यंत भरलेले, नाक सर्दीने चोंदलेलं. तिने वर न बघताच म्हटलं, "छान झालंय हं, वहिनी."

थोरली क्षणभर दारात थांबली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने भट्टी भरली. खाली मग, मध्ये वाडगे, वरच्या थरात घर. एरवी ती भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवरून बोट फिरवते, कुठे भेग नाही ना बघते. त्या दिवशी डोकं जड होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते घर आपलंच, आपल्या हातचं, त्यात बघायचं काय? फरशी मुळात इतकी जड, की वरचं घर मातीचं आहे की बिस्किटाचं हे हातांना कळलं नाही. आल्याचा वास नाकाला कळला नाही. तिने फरशी आत ठेवली, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

थोड्या वेळाने गल्लीत सुगंध सुटला. माणसं बेकरीत येऊन विचारू लागली, "आज काय खास?" इस्त्रीवाला इस्त्री तशीच ठेवून आला आणि मागे एक सदरा जाळून बसला. मग सुगंधाचा वास झाला आणि वासाचा धूर.

थोरली मागच्या दारात आली. "अगं, साखर जळतेय कुठेतरी. माझ्या भट्टीत तर नुसते पाव आहेत."

"मला कसलाच वास येत नाहीये, वहिनी," धाकटी नाक पुसत म्हणाली. तोपर्यंत ती खरंच बोलत होती.

थोरली गेल्यावर तिने फळीकडे बघितलं. फळीवर एक घर होतं. तिने ते किंचित तिरपं करून तळ बघितला. तळाला तिच्या अंगठ्याचा ठसा होता. आपल्या प्रत्येक घराच्या तळाला ती ठसा उठवते.

भट्टीच्या बारक्या भोकातून तिने आत डोकावलं. आत सगळं लालभडक होतं. वाडग्यांचे काठ दिसत होते. वरच्या थरात फरशी होती आणि फरशीवर काही नव्हतं.

आता पुढे जाऊन सांगायचं, एवढंच काम होतं. चार पावलांवर बेकरी. "वहिनी, माझ्या हातून तुमचं घर जळलं." धाकटीने हे वाक्य मनात तयार केलं, पदर खोचला आणि निघाली. तेवढ्यात पलीकडून थोरलीचा आवाज आला. ती कुणा गिऱ्हाइकाला सांगत होती, "उद्या या ना बघायला. यंदा वेळ लागला, पण जमलं. शेवटचंच समजा आता."

धाकटी तिथल्या तिथे वळली.

संध्याकाळी तिने आपलं कच्चं, न भाजलेलं घर दोन्ही हातांनी उचललं आणि दुकानाकडे निघाली. थोरली आडवी आली. "थांब, मी ठेवते."

"नको, नको! तुमच्या हातून पडेल," धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

थोरलीने पुढे केलेले हात मागे घेतले आणि एप्रनला पुसले. ते कोरडेच होते.

घर काचेत लागलं आणि धाकटीचे वाईट दिवस सुरू झाले. लोक थांबायचे, नाक लावायचे आणि आत येऊन थोरलीला म्हणायचे, "वा! कोण म्हणतं हात थरथरतो? रेघ बघा, रेघ!" थोरली मान हलवायची. "चाललंय आपलं," एवढंच म्हणायची. पूर्वी कौतुक झालं की ती कुठल्या वर्षी केवढं घर केलं होतं ते पार सुरुवातीपासून सांगायची. आता लगेच विचारायची, "पाव किती देऊ?" हे फक्त धाकटीच्या लक्षात आलं, आणि तिने त्याचा अर्थ लावला, की वहिनी थकली असेल.

थोरलीला एक शेंडेफळ मुलगी आहे. तिला घरात टेप म्हणतात, कारण ऐकलेलं सगळं ती आवाजासकट परत वाजवते. एका रात्रीच्या जेवणात तिने इस्त्रीवाला लावला: "वहिनीसाहेब, तुमच्या हाताला सरकारने कुंपण घालावं, कुंपण!" मग लगेच आईची मान आणि आईचा आवाज: "चाललंय आपलं. पाव किती देऊ?" भाऊजींना हसून ठसका लागला. थोरलीही हसली. धाकटी ताट घेऊन उठली.

"काकू, जेवली नाहीस ती?"

"पोट भरलं."

"घास तर एकच खाल्लास. तो पण चावून चावून त्याचं पीठ केलंस."

धाकटीला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरं तर ती स्वतःच्याच द्यावीशी वाटत होती, पण तसं भरल्या पानावर करता येत नाही.

ती भट्टीच्या खोलीत जाऊन बसायची. त्या फरशीवर एक करडा चौकोन उरला होता, घराच्या पायाएवढा. तिने तो घासून बघितला. जाईना. मग घासायचं सोडून तिने फरशी भिंतीशी उलटी टेकवून ठेवली. मातीची नवी घरं करायला घेतली की पिशवी हातात यायची आणि हात थांबायचा. तिला राहून राहून एकच प्रश्न पडायचा: त्या घरावरची नक्षी कशी होती? आठवडाभर दार लावून केलेली ती नक्षी कशी होती? आणि तिला काही आठवायचं नाही. आठवणार कुठून? तिने ती बघितलीच नव्हती. थरथरत्या हाताची रेघ आणि तिची रेघ, यातला फरक लहान पोरालाही कळला असता. नुसतं एकदा बघितलं असतं, तर ते घर भट्टीत गेलंच नसतं. सर्दीला तिने खूप दोष देऊन पाहिला, पण सर्दी काही डोळ्यांना झाली नव्हती.

रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगायचं. रोज संध्याकाळी ठरवायची, उद्या. आणि थंडी तर सरत आली होती. लाटणं पडलं की कच्च्या मातीचा भुगा होणार, तो गल्लीतली पोरं तोंडात घालणार, आणि थोरली भर रस्त्यात, हातात लाटणं घेऊन, सगळ्यांसमोर उभी राहणार. त्याच्या आत सांगायला हवं होतं.

तिने त्याच्या आत सांगितलं नाही.

घर फोडायच्या दिवशी काचेबाहेर पोरांची झुंबड उडाली. "फोडा! फोडा!" भाऊजींनी काचेतलं घर दाखवत विचारलं, "बाहेर काढू का?" धाकटी पुढे होणार तेवढ्यात थोरलीने लाटणं घेतलं, तिच्याजवळ आली आणि ते तिच्या हातात दिलं.

"यंदा तू फोड."

"मी? वहिनी, अहो, तुमचं घर..."

"माझं?" थोरली म्हणाली.

एवढंच म्हणाली. धाकटीने लाटणं टाकलं, थोरलीचं मनगट धरलं आणि तिला जवळजवळ ओढतच मागे नेलं. भट्टीच्या खोलीत तिने भिंतीशी टेकवलेली फरशी उलटी केली. करडा चौकोन समोर आला.

"माहितीये मला," थोरली म्हणाली. "नाक आहे ना मला, का तेही थरथरतंय? माझं घर भट्टीत गेलं ते त्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" थोरलीचा आवाज चढला. "तू बघितलंस माझं घर. रेघा कशा वाकड्यातिकड्या पडल्यात ते बघितलंस. मनात म्हणालीस, हे काचेत लागलं तर लोक हसतील. म्हणून गुपचूप जाळलंस आणि तुझं सरळ रेघांचं लावलंस. माझी लाज झाकलीस. उपकार झाले. त्यावर काय बोलायचं असतं गं? आणि लोक वाहवा करायला लागले, तेव्हा मी तरी कुठे सांगितलं? मी पण घेतलीच की!"

इतके दिवस धाकटीने स्वतःला दोष देताना काही शिल्लक ठेवलं नव्हतं, पण हा आरोप तिच्या यादीतच नव्हता.

"वहिनी, मी बघितलं नाही."

"काय?"

"घर. मी बघितलंच नाही. तुम्ही म्हणालात बघतेस का, तेव्हाही नाही, आणि भट्टीत घालतानाही नाही. माझंच समजून घातलं. छान झालंय म्हणाले ते असंच, तोंडदेखलं."

"शप्पथ?"

"तुमची शप्पथ."

"माझी कशाला? आधीच काय कमी हाल झालेत माझे!" थोरली म्हणाली. मग मातीच्या पोत्यावर बसली. तिचे खांदे हलायला लागले. धाकटीला वाटलं रडतेय. जवळ जाऊन बघते, तर हसत होती. "म्हणजे तू नुसती वेंधळी! अगं, मी कुढत बसले, की माझ्या हाताची किळस आली हिला. आणि ही म्हणे बघितलंच नाही!"

धाकटीचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. कारण हसू ओसरल्यावर थोरली डोळे पुसत म्हणाली, "पण बघितलं नाहीस ते चुकलंच तुझं. जाळलंस ते सोड. बघितलं नाहीस ते नाही सोडणार."

"नका सोडू," धाकटी म्हणाली.

बाहेर भाऊजींनी पोरांना आल्याच्या बिस्किटांचा डबा उघडून दिला होता आणि कुणाची काही तक्रार नव्हती. दोघी जावांनी काचेतलं घर उचलून मागे आणलं. कच्ची माती भाजलेली नसते तोवर पाण्यात परत माती होते. धाकटीने ते घर बादलीत सोडलं. आधी नक्षी विरघळली, मग छप्पर बसलं, मग भिंती. दोघी बघत उभ्या राहिल्या.

त्याच मातीचं नवं घर झालं. भिंती धाकटीने उभ्या केल्या. नक्षीची वेळ आली तेव्हा थोरलीने पांढऱ्या मातीची पिशवी हातात घेतली आणि शिक्षा सुनावली. "समोर बस. हात लावायचा नाही. 'मी धरू का' म्हणायचं नाही. नुसतं बघायचं."

धाकटी बसली. थोरलीने श्वास रोखला. रेघ निघाली ती आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग जणू आपण कुठे निघालो होतो ते विसरली. धाकटीचे हात आपोआप उठले. तिने ते मांड्यांखाली दाबून धरले. एक थेंब पडायचा तिथे दोन पडले. छपराच्या कडेची झालर वाऱ्याने हलल्यासारखी झाली. पण प्रत्येक थेंबाला शेपूट होतं. डावीकडे वळलेलं. ते काही चुकलं नाही. धाकटीने संपेपर्यंत नजर हलवली नाही, आणि मध्येच तिचं नाक पुन्हा चोंदलं, या वेळी सर्दी नसताना.

ते घर भाजलं. यंदा काचेत तेच आहे आणि फोडायचं नाही असं ठरलंय. पोरांसाठी बिस्किटांचा डबा वेगळा. लोक अजून काचेला नाक लावतात, पण आत आल्यावर म्हणतात, "रेघा जरा... नाही का?" आणि थोरली मान वर करून सांगते, "माझ्या आहेत," आणि मग कुठल्या वर्षी केवढं घर केलं होतं ते पार सुरुवातीपासून.

घर काचेत लागलं त्या दिवशी टेप त्याच्यासमोर उभी होती. ती म्हणाली, "काकू, तू आईचा सरळ हात चोरलास, पण हा नाही चोरता येणार."

धाकटी म्हणाली, "बघ हं. छपराच्या दोन कडा आहेत. एक तुझ्या आईने केलीय, एक मी, तिच्यासारखा हात हलवत. ओळख. हरलीस तर एक अख्खी थंडी कुणाची नक्कल करायची नाही. तोंडातून एक आवाज नाही."

टेप खुशीत आली. सगळ्या गल्लीचे आवाज जिच्या गळ्यात, तिला एक खोटी रेघ नाही ओळखता येणार? तिने दोन्ही कडा वरून बघितल्या, खालून बघितल्या, डोळे मिटून मग एकदम उघडून बघितल्या. "उजवी तुझी," ती म्हणाली. "थरथर जास्त झालीय. नक्कल करणारा नेहमी थोडं जास्तच करतो. मला विचार."

"हरलीस."

"म्हणजे डावी?"

"डावीही तिचीच. दोन्ही तिच्याच आहेत."

"ही चीटिंग आहे! तू म्हणालीस एक तुझी!"

"करणार होते," धाकटी म्हणाली. "पिशवी हातात घेतली होती. नाही झाली हिंमत."

आतून थोरली ओरडली, "हरली का गं ती? बरं झालं! एक थंडी शांततेत जाईल."

तेव्हापासून इस्त्रीवाला येतो, हातवारे करून दातांची गोष्ट सांगतो, आणि टेप ओठ घट्ट मिटून पाव मोजून देते. आवाज काढायचा नाही, असं ठरलं होतं. लिहायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं.